तुझ्या डब्याचा सातबारा

बायो, काल रात्री तू झोपलीस आणि तुझा तो पांढरा डबा ओटीवर तसाच राहिला. पाऊस धरला होता, लाईट गेलेली. मी बॅटरीच्या उजेडात झाकण काढून बघितलं. हिरवी पट्टी, झुकाव मोजणारा सेन्सर, मातीची ओल बघणारी दोन बोटं आणि करंगळीएवढी अँटेना. वाडीच्या वरच्या उतारावर असे चार डबे पुरायचे, डोंगर हलला की देवळावरचा भोंगा वाजवायचा, हा तुम्हा पोरींचा बेत. दुपारी तू भोंगा वाजवून दाखवलास तेव्हा आजी म्हणाली, "घाटात यष्टी अडकली वाटतं." आपण हसलो. पण तो भोंगा कशासाठी आहे ते आठवून नंतर मला हसू येईना.

२२ जुलै २०२१ बद्दल तुला मी काय सांगायचं? तळियेत डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपल्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर त्याच पावसात दरडी आल्या. महाडात सावित्रीचं पाणी घराघरांत, रस्ते बंद, मोबाईलला रेंज नाही, तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. म्हणून तुझ्या डब्याचं मला कौतुक आहे, हे आधी मनात धर. पुढे मी जे बोलणार आहे ते तुला हटकण्यासारखं वाटेल.

जेवताना तू म्हणालीस, "ताई, परवानगी-बिरवानगी काही नको, सगळं ओपन आहे." त्या 'सगळं'पाशी माझा घास अडला. कारण हेच वाक्य, याच ठसक्यात, मी एकदा बोलले होते. ते तुला सांगते. घरात हे कुणालाच ठाऊक नाही.

माझी पहिली नोकरी भोसरीला, आठ-दहा माणसांच्या कारखान्यात. दुकानांत कॅमेरे लावतात ना, त्यांचं चित्रण साठवायची पेटी आम्ही बनवायचो. चित्र आक्रसून साठवायला एच.२६४ नावाचं मानक वापरलं होतं, तुमच्या भाषेत स्टँडर्ड. २००३ मध्ये ते ठरलं आणि त्याची नियमावली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या साईटवरून फुकट उतरवता येते. ती मीच उतरवली, मीच वाचली, आणि मालकांनी विचारलं, "मॅडम, याला कुणाचे पैसे-बिसे लागतात का?" तर मी सांगितलं, "छे, ओपन आहे सर." वर्षभराने एका वकिलाचं पत्र आलं. त्यात पेटंटांची यादी इतकी लांब की कागद संपेना. मालकांनी त्या रात्री माझ्यासमोर बसून चारशे पेट्यांची ऑर्डर रद्द केली. मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता त्यातली गंमत ऐक. पुढे एका जाणकाराने सगळे कागद वाचून सांगितलं की त्या मानकाची पेटंटं एकत्र करून परवाना देणारी एक मोट आहे आणि तिच्या दरपत्रकात वर्षाला पहिल्या एक लाख नगांना रॉयल्टी नाही. आम्ही सगळं मिळून दोन हजारही नग केले नव्हते. पैसे शून्य लागणार होते, फक्त परवान्याच्या कागदावर सही करायची होती. ऑर्डर गेली ती माझ्या अर्धवट 'ओपन'मुळे आणि नंतरच्या अर्धवट भीतीमुळे. दोन्ही वेळा कागद शेवटपर्यंत कुणीच वाचला नव्हता.

तर 'ओपन' या एका शब्दात तीन वेगळे अर्थ दडलेले असतात. कुणीही वाचू शकतं, हा एक. कुणीही फुकट वापरू शकतं, हा दुसरा. आणि कुणीही वापरू शकतं, मात्र आतल्या काही तुकड्यांच्या मालकांना 'रास्त' पैसे देऊन, हा तिसरा. तू वाचलंस तो पहिला आणि धरून चाललीस दुसरा. मीही तेच केलं होतं.

तुझा रेडिओ लोरा जातीचा आहे. त्याचं घर दुमजली समज. वरचा मजला लोरावॅन, म्हणजे डब्याने कुणाशी, कधी, कोणत्या क्रमाने बोलायचं याचे नियम. लोरा अलायन्स ही संस्था २०१५ पासून ते सांभाळते, कुणीही उतरवून वाचावं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ते आपल्या शिफारशींतही घेतले. तू जे वाचलंस ते हे. खालचा मजला म्हणजे प्रत्यक्ष लहर. ती एका पट्टीवर सुरू होऊन सरकत जाते, पाखराने शीळ घालावी तशी, म्हणून गोंगाटातही लांबवर ऐकू येते. अशा सरकत्या लहरी रडारवाल्यांना जुन्याच माहीत. पण त्यांत निरोप कसा भरायचा याची नेमकी युक्ती फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीची. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली आणि युक्तीची पेटंटं तिच्याकडे गेली. म्हणजे माडीचा जिना सगळ्यांना मोकळा, आणि जोत्याच्या सातबाऱ्यावर एकाचं नाव.

घाबरू नकोस, यात काही पाप नाही. सेमटेक चिप विकते, इतरांनाही परवाने देते, तिचा धंदाच तो आहे. तू फक्त 'सगळं ओपन' म्हणणं सोड.

पेटंटचा दस्त तू कधी हातात घेतला आहेस का? आधी पानंच्या पानं वर्णन, आकृत्या, पूर्वी कुणी काय केलं त्याची कहाणी. नवखं माणूस तिथेच दमतं आणि म्हणतं, अरे बापरे, हे तर माझंच यंत्र. पण हक्क त्या वर्णनात नसतो. तो शेवटी आकडे घालून लिहिलेल्या वाक्यांत असतो, त्यांना दावे म्हणतात. आपल्या खरेदीखतात कसं असतं, आजोबांच्या सात पिढ्यांची कुळकथा लिहिली तरी मोजणीदार चतुःसीमा बघतो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावठाण, दक्षिणेस अमक्याचा बांध. दावा म्हणजे ती चतुःसीमा. दाव्यात पाच अटी असतील आणि तुझ्या डब्यात चारच बसत असतील, तर साधारणपणे तू बांधाच्या बाहेर. म्हणून कुणी पेटंटचा नंबर तोंडावर फेकला तर पहिला दावा उघडायचा आणि पेन्सिलीने एकेक अट तोडून लिहायची. वकील नंतर.

आणि मानक म्हणजे आपला आंबेनळी घाट. रस्ता आखायच्या आधी पोलादपुराहून महाबळेश्वरला चढायला दहा वाटा निघू शकत होत्या. एकाने जमीन दिली नाही तर दुसऱ्या अंगाने वळसा घेता आला असता. पण एकदा डांबर पडलं, यष्टी सुरू झाली, कठडे लागले, की त्या दाभिळच्या अंगाचं एखादं वळण टाळून वर जाता येत नाही. त्या वळणाखालची जमीन उद्या एखाद्याच्या नावावर निघाली, तर तो मागेल तो भाव. ती जमीन काल जेवढ्याला गेली असती तेवढ्याला आज जात नाही, कारण आज सगळा घाट तिच्यावर टांगलाय. ज्या पेटंटातून गेल्याशिवाय मानक पाळताच येत नाही, त्याला मानकासाठी अटळ पेटंट म्हणतात. सगळी भांडणं त्याच्यावरची.

असं खरंच होतं बरं. अमेरिकेत १९९२ मध्ये संगणकाच्या आतल्या एका जोडणीचं मानक ठरत होतं. समितीत डेल कंपनीचा माणूस होता, त्याने लिहून दिलं की आमचा यावर काही हक्क नाही. मानक मंजूर झालं, लाखो संगणकांत गेलं, आणि मग डेलने आपलं पेटंट दाखवलं. तिथल्या व्यापार आयोगाने १९९६ मध्ये डेलला ते पेटंट त्या मानकावर चालवायला मनाई केली. ग्रामसभेत रस्त्याची आखणी होताना मान डोलवायची आणि डांबर पडल्यावर दगड लावायचे, हे प्रकार आपल्याला काय नवे आहेत!

म्हणून मानक बनवणाऱ्या संस्था आता सभासदांकडून आधीच लिहून घेतात. तुमचं पेटंट असेल तर जाहीर करा आणि परवाना रास्त, वाजवी, भेदभाव न करता देण्याचं वचन द्या. 'रास्त' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रास्त भावाचं दुकान येतं. पण रेशनच्या दुकानात निदान फळ्यावर भाव लिहिलेला असतो. इथे काही मोटा दरपत्रक लावतात, बाकीचे मालक 'आधी गुप्ततेच्या करारावर सही करा, मग भाव सांगतो' म्हणतात. शेजाऱ्याला काय भाव लावला ते तुला कळत नाही, मग भेदभाव झाला की नाही ते कसं कळणार?

आपल्याकडे हेच प्रकरण फोनवरून तापलं. २०१३ मध्ये एरिक्सन कंपनीने मायक्रोमॅक्स या फोन कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, फोनमधल्या दूरसंचार मानकांच्या पेटंटांसाठी. मायक्रोमॅक्सने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तिचा एक मुद्दा मला आजही पटतो. रॉयल्टी फोनच्या किमतीवर टक्क्यांनी घ्यायची, म्हणजे सव्वा टक्का धरला तर पाच हजारांच्या फोनवर साडेबासष्ट रुपये आणि पन्नास हजारांच्या फोनवर सव्वासहाशे. आतली युक्ती तीच, फक्त बाहेर काच भारी लावली. दुसरी बाजू म्हणते की महाग फोन त्या युक्तीचा उपयोगही जास्त करून घेतो. असेल. आयोगाने चौकशी सुरू केली, पण २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की हा विषय पेटंट कायद्याच्या कक्षेतला, स्पर्धा आयोगाच्या नाही. मग मार्च २०२४ मध्ये लाव्हा कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगणारा निकाल आला. त्या खटल्यातही आठ पेटंटांपैकी एक न्यायालयाने अवैधच ठरवलं. पेटंट मिळालं म्हणजे दगडावरची रेघ, असं समजू नकोस.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात सारखं महाड येतं. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मी तुला लहानपणी नेलं होतं, आठवतंय? तिथल्या पाण्याच्या लढ्याची आणि तुझ्या डब्याची बरोबरी करायची माझी छाती नाही. तिथे प्रश्न माणूस म्हणून पाणी पिण्याचा होता. पण 'खुलं' या शब्दाबद्दल मी जे काही शिकले ते तिथेच. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले नावाच्या सदस्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर काम झालं. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं पायऱ्या उतरली तेव्हा. आणि त्यानंतर काही जण कोर्टात गेले, काय म्हणत, की हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. तात्पुरती मनाई मिळवली. मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. नगरपालिकेच्या ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षं.

मालकीचा दावा लोक वापरायला लागल्यावर आला, हे बघ. आणि तो टिकला नाही याचं एक कारण असं की तळं नगरपालिकेचं होतं हे दाखवायला कागद होते.

पेटंटमालकांनी स्वतःहून वाट मोकळी केल्याचीही उदाहरणं आहेत, नाहीतर तुला वाटेल ताई सगळीकडे काटेच बघते. तुझा डबा संगणकाला निरोप पाठवतो तो एमक्यूटीटी या पद्धतीने. १९९९ मध्ये तेलाच्या नळांवर उपग्रहातून लक्ष ठेवायला आयबीएमच्या आणि आर्कॉमच्या दोघा जणांनी ती रचली. २०१० मध्ये ती रॉयल्टीशिवाय खुली झाली आणि २०१४ मध्ये ओएसिस या संस्थेचं मानक झाली. ३० एप्रिल १९९३ ला सर्न या संशोधनसंस्थेने वेबचा मूळ कोड सगळ्यांसाठी सोडून दिला नसता, तर तू आणि मी दोघी वेगळ्याच धंद्यात असतो. पुढे वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनेही २००४ मध्ये नियम केला की आमच्या मानकात येणारं पेटंट रॉयल्टीशिवाय मिळालं पाहिजे.

आपल्या सरकारनेही ई-कारभारासाठी २०१० मध्ये असंच धोरण काढलं, की मानकातली आवश्यक पेटंटं रॉयल्टीमुक्त हवीत. हे तुला लागेल. उद्या तहसीलदारांनी तुझे डबे घ्यायचं मनावर घेतलं तर ते विचारतील की तुमचा इशारा आमच्या यंत्रणेत कसा येणार. त्यासाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल आहे, सी.ए.पी. मोबाईलवर सरकारी इशारे पाठवणारं 'सचेत' त्याच भाषेत बोलतं. तुमची स्वतःची नवी भाषा बनवत बसू नका. तलाठ्याच्या संगणकावरचं पत्र आपल्याकडे उघडलं की नुसती खिळ्या-मोळ्यांसारखी अक्षरं दिसायची, ते दिवस तू पाहिले नाहीस. प्रत्येक फॉन्टवाल्याची आपापली गुपित बाराखडी. युनिकोड आलं आणि सुटलो.

आता तुझ्या कामाचं सांगते. नीट ऐक, मान हलवून मोकळी होऊ नकोस.

पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेतलं पेटंट आपल्या वाडीत चालत नाही, ते भारतात घेतलेलं आहे का ते बघायचं. पेटंट कार्यालयाच्या साईटवर फुकट शोधता येतं. मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षं, आणि मधे दरवर्षीची फी थकली तर पेटंट आधीच पडतं. निम्म्या धमक्या इथेच गळून जातात. कॉलेजात शिकण्यासाठी, प्रयोगासाठी पेटंटातली वस्तू बनवून बघायला आपल्या कायद्याच्या ४७ व्या कलमात मुभा आहे, विद्यार्थ्यांना शिकवणं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा लोणेऱ्याला तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बिनधास्त राहा. मुभा संपते ती तू डबे विकायला लागलीस की. तेव्हा चिप अस्सल, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली हवी, कारण ज्याला विकायचा हक्क आहे त्याच्याकडून वस्तू आयात करणं म्हणजे अतिक्रमण नाही, तेही कायद्यातच आहे, १०७-अ मध्ये. आणि कुणी आधाराशिवाय नुसतीच धमकी देत असेल तर १०६ व्या कलमाखाली उलट तूच कोर्टात जाऊ शकतेस. भोसरीच्या त्या रात्री मला यातलं एकही कलम ठाऊक नव्हतं.

एक घोळ मात्र करू नकोस. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची पट्टी विनापरवाना आहे, असं तू काल दोनदा म्हणालीस. बरोबर आहे. पण तो परवाना हवेतल्या लहरींचा. पेटंटाचा वेगळा. आणि बाजारात आणायचं झालं तर यंत्राला दूरसंचार विभागाची मान्यता लागते, ती तिसरी. एक माफ झाला म्हणून बाकीचे माफ होत नाहीत.

आता तुमच्या स्वतःच्या युक्तीचं. गुरं डब्याला अंग घासून गेली तर भोंगा वाजू नये म्हणून तुम्ही शेजारशेजारच्या दोन डब्यांचा झुकाव आणि ओल एकत्र ताडून बघता. हे मला फार आवडलं. कुठल्याही परदेशी यंत्राला आपली गुरं माहीत नाहीत. यावर पेटंट घ्या असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगणारच. अलीकडे शिक्षणसंस्थांना अर्जाच्या फीत ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे उत्साह दांडगा. यष्टी स्टँडवर फ्लेक्सही लागतात, 'पेटंट प्रकाशित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. प्रकाशित म्हणजे मंजूर नव्हे गं! अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतोच, जादा फी भरली तर लवकर. फेरफारासाठी अर्ज टाकला की नोटीस लागते, तितकंच ते. त्याच्या पुढे तपासणी, हरकती, सगळं असतं. मंजुरीपूर्वी हरकत कुणीही घेऊ शकतं, तूसुद्धा.

शिवाय नुसतं गणित किंवा नुसता प्रोग्रॅम आपल्या कायद्यात पेटंटयोग्य नाही, तेव्हा तुमच्या युक्तीतलं किती टिकेल याची मला शंकाच आहे. आणि मुळात गेल्या महिन्यात तुम्ही प्रदर्शनात पोस्टर लावून सगळं फोडून सांगितलंत. काही ठराविक सवलती सोडल्या तर अर्जाआधी उघड केलेलं नवं राहत नाही. रडू नकोस, मला तर ते बरंच झालं वाटतं. ते आता दुसऱ्या कुणालाही आपलं म्हणता येणार नाही, फक्त तुमच्याकडे पुरावा पाहिजे.

हळदीचं आठवतंय? १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याबद्दल पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात शिकलेले. त्यांच्या संस्थेने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपली आजी पिढ्यान् पिढ्या कापल्या बोटावर हळद दाबत आली, पण तेवढं सांगून भागलं नसतं. छापील पुरावे मांडावे लागले, त्यांत १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख होता. कुणीतरी तो तेव्हा लिहून ठेवला म्हणून बरं.

म्हणून तुमची युक्ती तारखेसकट लिहून प्रसिद्ध करा. आकृती, कोड, गुरांचा किस्सा, सगळं. मराठीतही करा आणि इंग्रजीतही. परीक्षकाला सापडलं पाहिजे. कोडला परवाना लावताना तू नेहमीप्रमाणे सगळ्यात आखूड बघून एमआयटीचा लावलास ना? त्यात पेटंटाबद्दल चकार शब्द नाही. अपाचे २.० घे. त्यात कोड देणारा आपल्या पेटंटाचा हक्कही सोबत देतो, आणि जो त्याच कोडवरून पेटंटाचा खटला लावेल त्याचा तो हक्क जातो. डब्याच्या आराखड्याला सर्नचाच खुल्या हार्डवेअरचा परवाना आहे, तो बघ. आणि चौघींनी मिळून केलंय तर कोणी काय केलं ते एका वहीत लिहून चौघींच्या सह्या घ्या. आज तुम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी आहात म्हणूनच आज घ्या. सामाईक खात्याची भांडणं आपल्या घरात कमी बघितलीस का?

रात्री डब्यात अजून एक गोष्ट दिसली, ती शेवटी सांगायची ठेवली होती. चारही डब्यांसाठी आत ठेवलेल्या रेडिओ मॉड्यूलपैकी दोनांवरचं कंपनीचं नाव खरवडलेलं आहे. ती दोन तुला 'दीडशेला पडली' तीच ना? बिल नसणार. ती काढ. पेटंटाचं जाऊ दे, अशी नक्कल चिप ऐन पावसात गप्प बसली तर खाली वाडी झोपलेली असेल. अस्सल दोन माग, पैसे मी देते, बिल त्या वहीतच चिकटव.

खड्डे मी काकांना सांगून खणून घेते, लावणी आटोपली की. आणि भोंग्याचा आवाज तेवढा बदल. आजीला यष्टी वाटून चालायचं नाही.